घरातलं गृहीतक

लग्न होऊन देवळीला आले तेव्हा घरात एकच परीक्षार्थी होता, माझा नवरा. शिक्षण दोघांचं सारखंच, पण परीक्षार्थी तोच. त्याचा अभ्यास चालू असला की मिक्सर बंद. चटणी मी पाट्यावर वाटायची. बँकेच्या परीक्षेसाठी त्याला माझी मदत एवढीच हवी असे, की त्यानं डोळे मिटून पडावं आणि मी प्रश्न वाचून दाखवावेत. डोळ्यांना फार ताण पडायचा बिचाऱ्याच्या.

त्याचं घोडं अडायचं ते गृहीतकांवर. एकदा मी वाचलं, "विधान: गिऱ्हाईक वाढावं म्हणून दुकानदारानं कूलर बसवला. गृहीतक: गारव्यामुळे गिऱ्हाईक येतं."

"चूक," तो म्हणाला. "आपल्या दुकानात कूलर आहे. कोण येते?"

"अहो, खरं काय ते विचारलंच नाई. कूलर लावणाऱ्यानं न बोलता मनात काय धरलं, ते विचारलंय. उलटं करून पाहा. गारव्यानं कोणीच येत नसन, तर त्यानं कूलर काऊन लावला?"

"तुले दुकानातलं काय समजते?" म्हणत तो कुशीवर वळला.

वाचून वाचून मला मात्र नको इतकं समजायला लागलं. मामाजी, म्हणजे सासरे, जेवताना म्हणायचे, "पोरगा साहेब झाला की सुनेले आराम राहीन." न बोललेलं मला लगेच ऐकू यायचं. साहेब पोरगाच होणार, सून घरातच राहणार. मी भाजी वाढायची.

शेवटी मीही अर्ज भरला. "सोबत होईन त्याले," म्हणत मामाजींनी उदार मनानं परवानगी दिली.

निकाल लागला. मी पास, तो नापास. घरात कोणी वारल्यासारखी कळा. शेजारीण हळूच विचारून गेली, "निकालात काही गडबड त नसन ना?"

रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मामाजींनी बोलावलं. दोन चांगले शब्द बोलतील असं मला वाटलं. बोललेही.

"बरं झालं बेटा. आता बँकेतून आली की त्याचा अभ्यास घेत जाजो. तुले त सारं येते."

"आणि सैपाक?"

ते अगदी मनापासून गोंधळले. "तो त तू करशीनच ना?"

"नाई," मी म्हणाले. त्या घरातलं माझं पहिलं विधान.

सासूबाईंनी दोन दिवस भांडी आपटली. मग भाजी त्यांनी आणि पोळ्या मामाजींनी वाटून घेतल्या. मामाजींची पोळी जाड होते, कडेला कच्ची राहते. मी तारीफ करत खाते.