अर्धा धवला

जेवण जड झालंय. रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे दुपार कुठवर आली ते इथं कळत नाही. मी जमिनीवरच्या गालिच्यावर पाठ टेकते. काचेपलीकडे निहार, आमच्या सिनेमाचा दिग्दर्शक, गाण्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावतोय. चार वाजता निर्माते येतील, गाणं पक्कं होईल, मग त्यात कुणी हात घालायचा नाही. मी हो म्हणायचं तेवढं बाकी आहे. पडद्यावर माझं नाव 'गीते आणि सांस्कृतिक सल्ला' असं येणार आहे, आणि ऐनवेळी खोडा घातला तर ते येणार नाही, हेही निहारने हसत हसत सांगून ठेवलंय.

तुकड्यातला आवाज माझ्या आत्याचा आहे. चांगुणा आत्या आमच्या आगरी गावातली धवलारीण होती, म्हणजे लग्न लावणारी बाई. भटजी जिथं मंत्र म्हणतो तिथं ती धवले गायची. आधी देवांना आवतण, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन: या, मांडवात बसा, पोरांना बघा. आत्या गेली त्याला आता दुसरं वर्ष लागलंय. चुलतभावाच्या लग्नात मी तिचं गाणं फोनवर घेतलं होतं. निहारने त्यातलं आवतण उचललं, खाली ढोल घातले, आणि आमची ॲनिमेशनमधली नायिका त्यावर मिठागरात नाचते. नाचते छान. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

सकाळभर आम्ही इतर देशांचे संगीतमय कार्टूनपट बघत होतो, आपला कसा वेगळा होईल ते ठरवायला. एक वाळवंटातला, एक बर्फातला, एक डोंगरातला, एक बेटावरचा. कुठल्याही मुलखात जा, नायिका पहिल्याच गाण्यात उंच जागी उभी राहते, केस उडवते, आणि तिला घर सोडून लांब जायचं असतं. वाळवंटात बाजार असला की चोर हवाच. डोंगरात आजी असली की ती मध्यंतराआधी मरणार. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सगळे हसले, निहार सगळ्यात जास्त हसला, आणि मग त्याने आमच्या नायिकेला मिठाच्या ढिगावर उभं केलं.

डोळे मिटतात. आवतण चालूच आहे.

"सरक जराशी," कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. गालिच्याची खुर्ची झालीय, शेजारी खुर्च्या आहेत, समोर पडदा आहे. तालुक्याच्या जुन्या थेटरात असायचा तसा कुबट वास येतो. शेजारी आत्या बसलीय. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवर हात. ती मेलीय हे मला ठाऊक आहे, आणि तिलाही ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दल दोघी बोलत नाही.

पडद्यावर सकाळचे सिनेमे एकात एक मिसळून चाललेत. बर्फातली मुलगी वळते आणि वाळवंटातली होते.

"हिचा नि मघाच्या पोरीचा तोंड एकच गो," आत्या म्हणते. "नेसना तेवरा निराला."

"एकच ठसा हाय आत्या. कपरे बदलतान."

"मंग आपली पोर्गी कशी काढलीव?"

आमची नायिका पडद्यावर येते. तेच मोठे डोळे, तीच हनुवटी, नाकात नथ. ती मिठाच्या ढिगावर चढते आणि आत्याच्या आवाजात तोंड उघडते. आत्या बघत राहते.

दिवे लागतात. थेटराला भिंती नाहीत. आम्ही मिठागरात आहोत, वर मांडव घातलाय, आंब्याचे टहाळे बांधलेत, आणि खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा माणसांनी भरल्यात. पुढच्या रांगेत माझे आजोबा आहेत. त्यांच्या शेजारी खाडीत बुडालेला भिकू काका, अंगावर कोरडे कपडे घालून. त्याच्या पलीकडे माझी थोरली बहीण, जी बारशाआधीच गेली. ती कुणाच्यातरी मांडीवर आहे. सगळे चांगले कपडे करून आलेत. सगळे मांडवाच्या दाराकडे बघतायत.

"लगीन कुनाचा?" आत्या विचारते.

मीही दाराकडे बघते.

"मघापासून बलावतेस. एकदा बलावलास तरी येतो आमी. तू बलावतेस नि बलावतेस. लगीन हाय तरी कुनाचा?"

"लगीन नाय गो आत्या. सिनेमा हाय."

"मंग आमाला बलावलास कनाला?"

"गाना बेस लागला त्यांना."

मांडवाच्या खांबाला कर्णा बांधलाय. त्यातून ढोल वाजतात आणि आवतण पुन्हा सुरू होतं. दारातून आणखी एक म्हातारी आत येते, जागा शोधते, बसते. पुन्हा आवतण, पुन्हा कुणीतरी आत. माझ्या तळव्यांना गार लागतं. कुणीतरी बांध उघडलाय आणि भरतीचं पाणी मिठागरात शिरतंय. पाहुण्यांचे पाय भिजतायत, पण उठत कुणी नाही. बोलावलेला माणूस लग्न लागल्याशिवाय उठणार कसा?

मागच्या रांगांतली माणसं आमची नाहीत. कातड्याचे जाड कोट घातलेली, डोक्याला मुंडासं बांधलेली, रंगीत लोकरीच्या टोप्या घातलेली. तीही दाराकडे बघतायत.

"ही कोन?" आत्या मलाच विचारते.

"बर्फातली. वालवंटातली. ती टोपीवाली डोंगरातली." कपड्यांवरून मी ओळखते. "यांना कोनी बलावला?"

"तुमच्यासारक्यांनीच. गान्यात बलावला. पोर्गी गायली, नाचली, निंगून गेली. यांना वाटेला लावला नाय कोनी."

मधली एक रांग मात्र रिकामी आहे. खुर्च्यांवर पानाफुलांचे हार तेवढे पडलेत.

"हितं बेटावरची बसलेली," आत्या म्हणते. "ती गेली घरा. त्यांच्या सिनेमान त्यांचीच म्हातारी मान्सा गायाला बसलेली. ज्यांचा गाना त्यांनीच गायला, नि आख्खा गायला. संपला तशी उठली नि गेली."

मला आठवतं. सकाळी ते गाणं फार लांबलं म्हणून निहारने पुढे ढकललं होतं. मीही तेव्हा चहा घेत होते.

आता मला भीती वाटते. कारण आत्या काय म्हणणार ते मला कळलंय. लग्न लागून पंगती बसल्या, कुणाचं लक्ष नसलं, की आत्या एका कोपऱ्यात शेवटचा धवला गायची. त्यात परतीची वाट असायची. ज्यांना नाव घेऊन बोलावलं त्यांना नाव घेऊनच निरोप. माझ्या फोनमध्ये तोही आहे. निहारने तो पहिल्याच दिवशी कापला: ढोल बसत नाहीत, संथ आहे, पोरं कंटाळतील. आणि मी मान डोलावली होती.

"लावून दे यांना," आत्या म्हणते.

"तू गा ना."

"माजा गला तुमी कापलाव. मना आता आवतनच येतंय." ती तोंड उघडते आणि कर्ण्यातून ढोल वाजतात. ती तोंड मिटते.

मी उभी राहते. पाणी घोट्याच्या वर आलंय. शेवटच्या धवल्याची पहिली ओळ मला येते, शंभर वेळा ऐकलीय, पण घशातून वारा तेवढा निघतो. आजोबा माझ्याकडे बघतात. रागाने बघत असते तर बरं झालं असतं. ते एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखे दमून बघतात.

आता मांडव नाही. मी काचेच्या खोलीत माईकसमोर आहे आणि काचेपलीकडे निहारच्या जागी आत्या बसलीय. पाणी इथंही आहे.

"चार वाजता मना हो बोलाचा हाय," मी माईकमध्ये सांगते. "नायतर माजा नाव जाल."

"बोल मंग. आमी हितंच बसू."

"असा नको बोलू ना आत्या."

"मी काय वंगाल बोलले? पावन्याला राग येत नाय. पावना बसून रेतंय."

ती आत येते. पाण्यातून चालते तरी आवाज होत नाही. माझ्या ओढणीचं टोक हातात घेते, दोन पीळ देते, शेवटचा दोरा आत खुपसते. नवरा-नवरीची गाठ ती अशीच बांधायची. तिची बोटं गरम आहेत, आणि तेवढ्यानं मला रडू फुटतं, कारण शेवटी दवाखान्यात मी हातात घेतली तेव्हा ती गार होती.

"जागी झालीस का विसरशील," ती म्हणते. "म्हनून."

"कवा सोराची?" मी गाठीला हात लावून विचारते.

"पावने घरा गेले का सोर."

काचेपलीकडे आता पुन्हा मांडव आहे. ती तिथं खुर्च्यांच्या रांगेत जाऊन आजोबांशेजारी बसते, लुगडं गुडघ्यापर्यंत आवरून घेते, आणि सगळ्यांसारखी दाराकडे बघू लागते.

"दर्शना, ऊठ. आलेत सगळे."

स्पीकरमधून निहारचा आवाज येतो. मी गालिच्यावर आहे. गालिचा कोरडा आहे. काचेपलीकडे माणसं खुर्च्या ओढून बसतायत, चहाचे कप येतायत. मी तोंड पुसायला ओढणी घेते आणि टोक जड लागतं. दोन पीळ, आणि दोरा आत खुपसलेला. ही गाठ मला येत नाही. आमच्या घरात आत्यामागे कुणालाच येत नाही. नखाने ओढून बघते, दाताने बघते. सुटत नाही.

मी दार उघडून पलीकडे जाते. निहार बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघतो.

"करू या ना पक्कं?"

"नाही," मी म्हणते. या वेळी आवाज निघतो. "शेवटचा धवला परत जोड, नाहीतर आत्याचा आवाज काढ."

"आत्ता? अगं, झालं काय?"

मी गाठ मुठीत धरते.

"पाहुणे अजून बसलेत," मी सांगते.