लोखंडाच्या वाटणीत गेलेली पेटी

झाब्लोन ओगाडा आमच्या गावचा नव्हे. पंचेचाळीस वर्षं आमच्यात राहिला, आमच्या झऱ्याचं पाणी प्याला, आमच्या मयतांचे खड्डे खणले, तरी नव्हे. आमच्यातल्या ओबुंगानं त्याला आपल्या जमिनीचा एक कोपरा काढून दिला होता, सरोवराकडं उतरणाऱ्या वाटेवर, शेराच्या कुंपणाच्या बाहेर. तिथं त्यानं खोपट घातलं. बायको दोन पावसाळे टिकली, मग माहेरी गेली ती गेलीच. मुलगी मोंबासाला. वर्षातनं एकदा तिचा फोन येतो, तेव्हा हा टेकडी चढून जातो, कारण खाली आवाज तुटतो. उपऱ्याला आमच्यात कसायला जमीन मिळते, बसायला स्टूल मिळतं. बैठकीत तोंड उघडायला मिळत नाही.

तो इथं आला तो ओबुंगाच्या बँडमध्ये. ओबुंगा पुढची गिटार वाजवायचा, झाब्लोन मागची. पुढच्या गिटारीवर लोक नाचतात. मागची बंद पडली तरच कळतं की ती वाजत होती. नाच रंगात आला की एखादा मातब्बर हात वर करून गाणं थांबवायचा आणि स्वतःची, मग मेव्हण्याची, मग मेव्हण्याच्या बैलाची थोरवी सांगत सुटायचा. आमच्यात ती रीतच आहे. ओबुंगा तेवढ्यात घाम पुसायचा, बाटली तोंडाला लावायचा. झाब्लोन मात्र खालच्या खाली दोन तारा छेडत राहायचा, बोलणाऱ्याची थोरवी कोरडी पडू नये म्हणून.

दोघांच्या गिटारी ज्या पेटीत जायच्या ती पेटी म्हणजे एक जुना अँप्लिफायर. किसुमू शहरातल्या एका मुहिंदी, म्हणजे हिंदुस्तानी, दुकानदाराकडून आणलेला, आतमध्ये काचेचे पाच व्हॉल्व असलेला. लाकडी खोकं, वर राखाडी कापड, पुढची जाळी उंदरांनी कुरतडलेली. कुणी बनवला ते सांगणारी पाटी कधीच गळून पडलेली. उचलायला दोन माणसं लागायची. ट्रान्झिस्टरची हलकी यंत्रं आली तेव्हा बाकीच्या बँडांनी असल्या पेट्या फेकल्या. ओबुंगानं फेकली नाही, पण सांभाळलीही नाही. सांभाळली झाब्लोननं. स्पीकरचा कागद फाटला तेव्हा त्यानं माशाच्या फुग्याचा डिंक शिजवला आणि मुलीच्या एका पत्राचं पाकीट कापून ठिगळ लावलं. ते ठिगळ अजून टिकून आहे.

बटण दाबलं की ही पेटी लगेच बोलत नाही. वीस आकडे मोजावे लागतात. आधी व्हॉल्वच्या पोटात विझत्या चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल ठिपका दिसतो, मग तापलेल्या धुळीचा वास येतो, मग बारीक गुणगुण. त्यानंतर तार छेडली की आवाज येतो तो गोल येतो. जोर वाढवला तर चिरकत नाही, घोगरा होतो, जन्मभर तंबाखू ओढलेल्या माणसासारखा. झाब्लोन म्हणायचा, ही पेटी वाजवणाऱ्याचं बोट ओळखती. हळू लावलं तर हळू, रागानं लावलं तर रागानं. नवी यंत्रं सगळ्यांना एकच जबाब देतात.

हे त्याला पटलेलं. आम्हाला ती पेटी म्हणजे ओबुंगाच्या घरातलं भांडी ठेवायचं मेज होती. तिची पाठ उघडी होती आणि आत ऊब असायची, म्हणून एक काळी कोंबडी तिथंच अंडी घालायची. बँडमधले बाकीचे एकेक करून मेले. ओबुंगाची बोटं आखडली. तरी झाब्लोन दर गुरुवारी दुपारी जायचा, कोंबडीला हुसकून पेटी लावायचा, तासभर मागची गिटार वाजवायचा आणि परत यायचा. ओबुंगा डोळे मिटून ऐकायचा. पुढची गिटार नव्हतीच, ती दोघांनी आपापल्या डोक्यात वाजवायची.

मग ओबुंगा गेला. मयताला किसुमूहून माणसाएवढे काळे स्पीकर आणि एक कीबोर्डवाला आला. त्यानं आख्खं गाव हलवलं. पेटीवर त्या दिवशी चहाचे कप होते. झाब्लोनला वाजव म्हणून कुणी म्हटलं नाही. त्यानं खड्डा खणला आणि फावडं धुऊन परत ठेवलं.

माती दिल्यावर चौथ्या दिवशी आमच्यात मेलेल्याचं लोखंड वाटतात. कुदळ, कुऱ्हाड, कोयता, नांगराचा फाळ, सायकल. भाऊबंद गोल बसतात, वडीलधारा एकेक वस्तू उचलतो आणि नाव घेतो. लाकूड, भांडी, आसनं बायकोची. आमचा वडीलधारा ओथुओन, वय ऐंशीच्या पुढं, दात चार, शब्द नेमके. सगळं वाटून झालं आणि ओबुंगाचा पुतण्या न्यांग्वेसो म्हणाला, पेटी राहिली.

त्यावर बरीच हुज्जत झाली. कुणी म्हणालं ती लाकडाची, पेनिनाची. पेनिना म्हणजे ओबुंगाची बायको. न्यांग्वेसो म्हणाला वरनं लाकूड, आत लोखंड. नाहीतर एवढी जड कशी. मग पेटी अंगणात आणली, पाठीमागून स्क्रू काढले आणि आतला सांगाडा बाहेर ओढला. पत्र्याच्या थाळ्यावर पाच व्हॉल्व आणि विटेएवढे दोन लोखंडी ठोकळे. सगळे अवाक झाले. कुणाला वाटलंच नव्हतं की आत एवढा ऐवज असंल. ओथुओननं निवाडा दिला. लोखंडाचा सांगाडा न्यांग्वेसोला. खोकं आणि त्याला ठोकलेला कागदाचा स्पीकर पेनिनाला.

झाब्लोन वर्तुळाबाहेर, आंब्याच्या बुडाशी बसला होता. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तो बैठकीत बोलला.

“म्हाताऱ्या, मला हक्क न्हाई, ठावं हाय. पण निराळं केलं तर ती बोलायची न्हाई.”

ओथुओन रागावला नाही. म्हणाला, “बाळा, गायबी आपुन कापतो आन् वाटतो. हंबरत न्हाई म्हणून कुणी तक्रार केलीया का आजवर?”

सगळे हसले. मीही हसलो. झाब्लोन पुन्हा खाली बसला.

पुढं दोन आठवडे तो गुरुवारी आपल्या खोपटातच बसून होता. गिटार होती, पण पेटीविना त्या गिटारीला माशीएवढा आवाज. वाटेनं जाताना मी एकदा ऐकली. तार वाजते की नखं वाजतात, कळेना.

न्यांग्वेसोचं बाजारात दुकान आहे. केस कापायचे आणि मोबाईल चार्ज करायचे. माझं सायकलीचं दुकान त्याच्या समोरच. त्यानं तो सांगाडा काचेमागं फळीवर मांडला होता आणि मला सांगत होता की ह्या काचेच्या नळ्या पेटवून ठेवतो, लाल उजेड पडतो, गिऱ्हाईक नुसतं बघायला येतंय बघ. मला त्यात वावगं वाटलं नाही. संध्याकाळी चूल पेटवायचा विस्तू मागायला झाब्लोन माझ्या घरी आला, तेव्हा मी सहज बोलून गेलो की उद्या बाजाराच्या दिवशी तुझ्या पेटीचे दिवे लागणार.

त्यानं विस्तू घेतलाच नाही.

सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा तो न्यांग्वेसोच्या दारात उभा होता. दारातनंच तो समजावून सांगत होता. स्पीकर जोडल्याबिगर वीज द्यायची न्हाई. आत जोर तयार होतो, तो स्पीकरातनं बाहेर पडला पायजे. वाट न्हाई मिळाली तर तो आतच फिरतो आणि ठोकळ्यातल्या तारा जाळतो. न्यांग्वेसोनं गिऱ्हाइकाच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्यावर वस्तरा धरून ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हाताऱ्या, तू मागची गिटार वाजवायचास, माहीत हाय. आता मागंच ऱ्हा.” आणि पायानं भिंतीच्या बुडाशी असलेलं बटण दाबलं.

लगेच काहीच झालं नाही. व्हॉल्व गार. न्यांग्वेसो वाकून बघायला लागला. वस्तऱ्याखालचा माणूसही वळून बघायला लागला. झाब्लोन सत्तरीचा, गुडघे धरलेले, पण तो कसा आत घुसला मला दिसलंच नाही. पहिला लाल ठिपका उमटायच्या आत त्यानं प्लग उपटून काढला आणि वायर मुठीत गुंडाळून उभा राहिला. सोडीच ना.

दुसऱ्याच्या दुकानात शिरून, दुसऱ्याच्या वाटणीला हात लावणं, तेही उपऱ्यानं. न्यांग्वेसोनं त्याच दुपारी ओथुओनपुढं गाऱ्हाणं नेलं. मी साक्षीदार म्हणून गेलो. न्यांग्वेसो म्हणत होता ह्याला कोपऱ्यातनं उठवा, ह्याचं खोपट मोडा. झाब्लोनला फक्त एवढं कळून घ्यायचं होतं की वायर कुणाकडं राहणार.

ओथुओननं बराच वेळ तोंड हलवलं. मग झाब्लोनला विचारलं की जळणार हे तुला कसं कळलं. झाब्लोन म्हणाला, एकदा कंपालाच्या एका बँडची अशीच पेटी जळालेली पाहिली, वास अजून नाकात आहे. ओथुओननं न्यांग्वेसोला विचारलं की तुला माहीत होतं का. न्यांग्वेसोनं खोपट मोडायचंच पुन्हा काढलं.

“लोखंड दिलं ते दिलं,” ओथुओन म्हणाला. “ते न्यांग्वेसोचंच. पण ते कुठं ठेवायचं ह्याचा निवाडा आपुन केला नव्हता. ते पेनिनाच्या घरात, त्याच्या खोक्यात ऱ्हाईल. आन् ह्यो वाजवील.”

न्यांग्वेसोला ते गिळवेना. पण तो काही मूर्ख नाही. जागच्या जागी त्यानं आपली अट घातली, आणि ती अशी होती की कुणाला मोडता येईना. आमच्यात एखाद्या पुरुषाचा कोट विधवेच्या घरात खुंटीला लागला की तो त्या घराचा धनी झाला असं गाव धरतं. त्यावर कुणी काही विचारत नाही, सांगत नाही. न्यांग्वेसो म्हणाला, हा उपरा दर गुरुवारी माझ्या चुलत्याच्या घरात शिरणार, आज गिटार ठेवील, उद्या कोट ठेवील. तेव्हा वाजवायचं तर वाजवू दे. पण त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

ओथुओननं झाब्लोनकडं पाहिलं. झाब्लोननं मान डोलवली.

सांगाडा न्यांग्वेसोनंच आणून पेनिनाच्या घरात जमिनीवर टाकला आणि निघून गेला. आता तो खोक्यात बसवायचा कुणी. झाब्लोन म्हणाला, खोकं बाहेर आणा, अंगणात करतो. पेनिना म्हणाली ह्या घरातनं एका दिवसात पुष्कळ बाहेर गेलंय, आता काडीही बाहेर जाणार नाही. मी पुढं झालो तर मलाही तिनं हटकलं. तिला आमचे दोघांचेही हात नको होते. भाजी चिरायची सुरी घेऊन ती पेटीपुढं मांडी घालून बसली आणि झाब्लोन बाहेर, खिडकीशी.

“दोन वायरी दिसत्यात का, वहिनी? स्पीकरकडनं आलेल्या?”

“दिसत्यात.”

“त्यातली काळी डाव्या खिळ्याला.”

“कुणाच्या डाव्या? तुझ्या का माझ्या?”

“पेटीच्या.”

“पेटीचं तोंड कुठं हाय ते तर सांग आधी. चाळीस वर्सं हिच्यावर भांडी ठेवली, तोंड कधी बघितलंच न्हाई.”

बराच वेळ हे चाललं. मधे एकदा ती थांबली आणि म्हणाली, हा कागद चिकटवलाय त्यावर काही लिहिलेलं आहे. झाब्लोन म्हणाला, असंल. ती वाचायला लागली, मग थांबली आणि पुन्हा स्क्रू आवळायला लागली.

शेवटी तिनं बटण दाबलं. ती आत बसून आणि हा बाहेर उभा राहून, दोघंही वाट बघत होते. मी मनात मोजत होतो. अठरापर्यंत गेलो आणि आतून गुणगुण आली. झाब्लोननं भिंतीला हात लावला. हाताला थरथर लागते का ते बघत असावा. मग त्यानं गिटारीची वायर खिडकीतून आत सोडली आणि पेनिनानं ती पेटीत खुपसली.

तेव्हापासून गुरुवारी दुपारी असंच असतं. तो वळचणीला धान्याच्या पालथ्या मापावर बसतो. आवाज मात्र घरातून येतो, जणू आत कुणी दुसराच वाजवतोय. रस्त्यानं जाणारे नवे लोक खिडकीत डोकावतात आणि आत शेंगा फोडत बसलेली म्हातारी बघून चक्रावतात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तो फक्त मागची गिटार वाजवतो, तासभर, आणि मधे मधे थांबतो, तेवढ्या जागा रिकाम्या राहतात. काळ्या कोंबडीनं अंडी घालायला दुसरी जागा शोधली आहे. तास झाला की पेनिना बटण बंद करते, वायर खिडकीतून बाहेर ढकलते, आणि तो ती गुंडाळून उतारानं खाली जातो.

ती वायर आखूड आहे. पेटी आतल्या भिंतीला, त्यामुळं ह्याला खिडकीला अगदी खेटून, मान तिरकी करून बसावं लागतं. गेल्या महिन्यात मी त्याला म्हटलं, माझ्याकडं दुकानात चांगली लांब वायर पडलीय, जोडून देतो, जरा सावलीत ऐसपैस बस.

त्यानं वायर हातात घेऊन बघितली, ताणून बघितली आणि परत दिली.

“नगं,” म्हणाला. “लांबली की मग लांब बसायला सांगतील.”