चौकडी आणि मास्तरांचं डोकं

शर्ट शिवावा तर मास्तरांनीच. एकरंगी कापड द्या, कॉलर अशी बसवतील की गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. पण टेबलावर चौकडीचं कापड पसरलं की त्यांच्या डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकायच्या, आणि मग अर्धं डोकं असं ठणकायचं की मास्तर डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून मागच्या खोलीत आडवे.

"आली चौकडी, पडले आमचे गडी!" मशीनवर बसलेली बायको भर दुकानात पुकारायची.

गिऱ्हाइकं हसायची. मास्तरही हसायचे, पण घरच्याच माणसाला आपलं दुखणं सोंग वाटतं, हे त्यांना डोक्याहून जास्त ठणकायचं.

शेवटी डॉक्टरांनी त्यांना इस्पितळात धाडलं. तिथे मायग्रेनवाल्यांच्या मेंदूतली वीज टिपत होते. तपासणीच्या ताई डोक्यावर तारांच्या चकत्या चिकटवायला गेल्या, तर एक टिकेना.

"तेल? केस कोरडे ठेवून या म्हटलं होतं ना?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"मीच चोळलं सकाळी," ती पुटपुटली. "म्हटलं, यंत्रानं ठणका उठला तर..."

"अगं, सोंगाला कोणी तेल चोळतं का?"

"गप बसा! चला, डोकं धुऊ."

केस वाळले, चकत्या बसल्या. समोरच्या पडद्यावर काळे-पांढरे चौकोन भराभर जागा बदलू लागले.

"अगं बाई, ही तर चौकडीच!" बायको मागून ओरडली.

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण नजर हलवली नाही.

नंतर ताईंनी कॉम्प्युटरवर मेंदूतल्या विजेच्या रेषा दाखवल्या. "तेच तेच बघून बहुतेकांचा मेंदू कंटाळतो, उत्तर कमी कमी देतो. यांचा बघा, शेवटपर्यंत तितक्याच जोरात! मायग्रेनच्या बऱ्याच जणांत असं दिसतं. यावरून आजार ठरत नाही हं, पण..."

"पण सोंग नाही," बायकोनं वाक्य पुरं केलं. आणि मास्तरांवरच उसळली, "इतकं होतं तर सांगायचं नाही का?"

"सांगत होतो की."

"जोरात सांगायचं!"

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक चौकडीचं कापड घेऊन आलं. मास्तरांच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत बायकोनं ते ओढून घेतलं.

"यापुढं चौकडी माझ्याकडे. आमच्या ह्यांचा मेंदू साधासुधा नाही. कॉम्प्युटरवर बघून आलेय मी!"

"पण वहिनी, मास्तरांच्या हातचं कटिंग..."

"जास्त बोललात तर शर्टाचा पायजमा करून देईन!"

मास्तर पांढऱ्या कापडावर खडू ओढत होते. त्यांना असं हसू फुटलं की खांद्याची रेघ घसरत घसरत पार खिशापर्यंत गेली.