दामूच्या विमानाचा रडर

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पेणला रामवाडीत माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या घरातली निम्मी भुतं मी सोल्डरिंग करून घालवली आहेत! त्यात रिमोटची विमानं उडवायचा नाद. आसपासच्या सगळ्या शौकिनांचे बिघडलेले रिसीव्हर माझ्याच टेबलावर येतात. तरीही हे घडलं... आणि सांगताना भीती कमी, लाज जास्त वाटते.

हमरापूरचा दामू गणपती रंगवतो. वर्षभर खपून त्याने एक विमान बनवलं आणि मूर्तीच्या मुकुटाला देतो तोच सोनेरी रंग पंखांना दिला. रिसीव्हर बसवला मी. बसवताना अँटेनाच्या वायरचं टोक माझ्या कटरखाली आलं. जेमतेम तीन सेंटिमीटर! पण सिग्नल पकडतं ते तेवढंच टोक. टेबलावर सगळं छान हलत होतं, म्हणून मी गप्प बसलो.

उडवण्याआधी रिमोट कमी ताकदीवर ठेवून तीस पावलं लांब जायचं आणि शेपटी हलते का बघायचं — हा नियम सगळ्यांना मीच शिकवलेला. त्या दिवशी मीच म्हणालो, "सोड रे, माझ्या हातचं काम हाय!"

विमान मिठागराच्या बांधापलीकडे गेलं आणि आंधळं झालं. थेट चिखलात. वीसेक माणसं बघत होती. मी मोठा सुस्कारा टाकला. "दामू, तुझ्या सोनेरी रंगात धातूची पूड. त्यानेच सिग्नल अडवला."

दामू मोडकं विमान तिथेच सोडून घरी गेला. नंतर उडवायला आलाही नाही.

मोडकं विमान मी दुकानात टांगलं. गिऱ्हाईक आलं की किस्सा रंगवून सांगायचा! एका दुपारी, "आणि दामूच्या रंगानेच घात केला," असं म्हणतोय तोच शेपटीवरचा रडर, म्हणजे विमान वळवणारी उभी पट्टी, किर्रर्र करत डावीकडे वळला.

अष्टमी गावाहून पंखा घेऊन आलेले काका दचकले. "ओ, यात बॅटरी हाय?"

"नाय."

"मग?"

"पाल असेल."

पाल नव्हती. पंखे बंद केले, रिमोटचे सेल काढले, शेवटी रिसीव्हरच काढून डबीत ठेवला. पुन्हा तेच वाक्य म्हटलं — किर्रर्र! बाकी अख्ख्या किश्शाला ढिम्म. फक्त त्या एका वाक्याला...

तीन दिवसांनी बायकोचा मिक्सर घेऊन दामू स्वतः आला. विमानाकडे बघत म्हणाला, "सोनेरी बंद केला मी. मुकुटाला आता पिवळाच देतो. ज्या रंगानं विमान पडलं, तो देवाच्या डोक्यावर कसा देऊ?"

माझे कान तापले. "दामू, रंगाचा दोष नव्हता. अँटेना मी कापली होती."

त्याने मिक्सर टेबलावर ठेवला. "ह्ये त्या वीस जणांसमोर बोलशील?"

रविवारी बांधावर बोललो. सगळे पोट धरून हसले. दामू हसला नाही.

त्यानंतर रडर हललेला नाही. मुद्दाम खोटं वाक्य म्हणूनही पाहिलं — नाही. रडर फिरवणारी छोटी मोटर, सर्वो, उघडली, तिच्या चाकांचे दात मोजले, वायरी तपासल्या. दोष सापडला नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

दामूचं नवं विमान तयार आहे. शेंड्यापासून शेपटीपर्यंत सोनेरी! रिसीव्हर मात्र तो रोह्याहून बसवून आणला.