दूध कट्टा बंद ठेवला तो महिना

तुमच्या आईने फोनवर विचारलं, "मग, कसा गेला तुमचा बिनखर्चाचा महिना?" मी "छान" म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं इथे लिहिते. तुम्हा दोघांना अजून मराठी वाचता येतं असं ती म्हणते, त्यावर विश्वास ठेवून.

कल्पना तुमच्याकडचीच. तिकडे परदेशात म्हणे लोक एक महिना ठरवून गरजेपुरताच खर्च करतात, बाकी सगळा बंद. माझ्या लहानपणी हे बारा महिने चालायचं आणि त्याला नाव नव्हतं. तरी मला ती गोष्ट फार आवडली, कारण तिच्यात यादी होती. मी आयुष्यभर कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं. कशाचेही दोन ढीग करायला मिळाले की मला बरं वाटतं.

एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे आवश्यक, उजवीकडे अनावश्यक. माझं इंग्रजी वर्तमानपत्र डावीकडे गेलं, कारण ती चैन नव्हे, अभ्यास आहे. कांजी केलेल्या सुती साड्या इस्त्रीला देणंही डावीकडे, कारण माणसाने नीटनेटकं राहायलाच हवं. मग तुमच्या आजोबांची पाळी आली. त्यांचा खर्च एकच होता. गेली पंधरा-वीस वर्षं रोज संध्याकाळी ते राजारामपुरीतून बसने कोल्हापूरच्या जुन्या भागात, गंगावेशीत जातात. तिथे दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात. तुमच्या देखत धार काढून फेसाळलेला ग्लास हातात देतात. तो पिऊन, गप्पा मारून, आठपर्यंत मित्राच्या स्कूटरवरून परत. घरी दुधाची पिशवी येत असताना बाहेर जाऊन दूध विकत पिणं, हे मी उजवीकडे लिहिलं. एका घरात दोनदा दूध कशाला?

आजोबांनी कागद वाचला. बँकेत नोकरी केलेला माणूस, वरून परिपत्रक आलं की खाली सही करायची त्यांना सवय. त्यांनी खरोखरच खाली सही केली आणि "उद्यापासून ना?" एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळी ते शेवटचे कट्ट्यावर गेले आणि हसत परत आले. हे हसणं लक्षात ठेवा. तिथे त्यांचं आणि त्यांच्या शाळेपासूनच्या मित्राचं फुटबॉलवरून वाजलं होतं. दोघे दोन वेगळ्या पेठांत वाढलेले आणि इथे प्रत्येक पेठेचा आपला फुटबॉल संघ, त्यामुळे सामन्यांच्या दिवसांत हे वाजतंच. हा मित्र उद्यमनगरातल्या फाउंड्रीत जन्म घालवलेला, आवाज तसाच. तो चारचौघांत म्हणाला होता, "जल्मभर दुसऱ्याच्या पैशावर सह्या ठोकल्यास, तुला रं काय कळतोय बॉल?" आजोबा ते मला सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशीपासून नियम लागू झाला.

साडेपाच वाजले की आजोबा बाल्कनीत उभे राहायचे. मी पिशवीतलं दूध दोन भांड्यांत वरखाली करून फेस आणायचे आणि ग्लास नेऊन द्यायचे. ते पिऊन म्हणायचे, "चांगलं आहे." लग्नाला आता बरीच वर्षं झाली. पदार्थ खरंच चांगला असला तर ते काहीही बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

चार दिवसांनी मीच म्हणाले, "अहो, नुसतं जाऊन बसा की. प्यायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"तिथं पाळी असते. रोज एकजण सगळ्यांचं देतो. मी काय फुकट प्यायला जाऊ?"

"मग पिऊ नका."

"तिथं न पिता म्हशीकडं बघत उभं राहिलं तर लोक विचारतात, पावणं, म्हैस घ्यायची हाय काय?"

"निदान मित्राला फोन करून कारण तरी सांगा."

"काय सांगू? बायकोनं दूध तोडलं म्हणून?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

दुसरा आठवडा संपत आला तेव्हा इस्त्रीवाला साड्या घेऊन आला. तो गंगावेशीच्या बाजूलाच राहतो, संध्याकाळी कट्ट्यावर असतो. दारातच म्हणाला, "काकू, काकांचं आन त्यांच्या दोस्ताचं लईच बिनसलंय म्हणं."

"कोण म्हणतं?"

"सगळाच कट्टा म्हणतोय. त्यो म्हातारा रोज एक गिलास जादा सांगतोय आन धार काढायला बसलं की म्हणतोय, ऱ्हाऊ दे, येत न्हाय त्यो. बँकेवरनं बोललो ते लागलं त्येला, म्हणतोय. घरला जाऊन माफी मागावी तर दारातनं हाकललं मंजे काय करू, म्हणतोय."

साड्यांची घडी फार सुरेख होती. मी त्या कपाटात ठेवल्या आणि तिथेच उभी राहिले. साठ वर्षांची मैत्री माझ्या कागदाच्या उजव्या बाजूला पडली होती, आणि हे मला डाव्या बाजूच्या इस्त्रीवाल्याने येऊन सांगितलं होतं.

आजोबांना मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण लगेच त्यांनी तो नीट केला. "महिना संपला की जाईन," ते म्हणाले. "नियम तुझा आहे आणि सही माझी आहे." मी नियम मागे घेते म्हणाले, तर म्हणाले, "लेकीला काय सांगशील? पंधरा दिवसांत दमलो?" मनातून त्यांना थोडी मजाही येत असावी. माझ्या चुकीसाठी हाल सोसायची संधी त्यांना वरचेवर मिळत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात जाऊन येते असं त्यांना सांगून मी कांजीची साडी नेसले आणि बसने गंगावेशीत गेले. इतकी वर्षं कोल्हापुरात राहून त्या कट्ट्यावर मी कधी उभी राहिले नव्हते. म्हशींच्या मधून वाट काढताना पदर सांभाळावा की निऱ्या, ते ठरेना.

मला बघून मित्राने हातातला ग्लास खाली ठेवला. "वहिनी? तब्येत बरी हाय न्हवं त्येची?"

त्यांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. यादी, दोन बाजू, सही.

"मंजे त्यो रागावलेला न्हाय?"

"नाही. त्या दिवशी उलट हसत घरी आले होते."

मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्यांच्या भुवया वर गेल्या. "हसत? मी चार लोकांत एवढं बोललो आन ह्यो हसत घरला गेला? हितं मला पंधरा दिस जेवण गोड लागंना."

मी त्यांची क्षमा मागितली. कशाबद्दल ते नक्की कळलं नाही, पण मागितली.

त्यांनी थोडा विचार केला आणि आवाज एकदम खाली आणला. तो इतका खाली येतो हे मला माहीत नव्हतं. "वहिनी, ह्यातलं हितं कुणाला बोलू नगा. आमचं भांडान झालं, हेच बरं हाय. बायकोनं दूध बंद केलंतं हे कट्ट्याला कळलं तर जल्मात हितं उभा ऱ्हायचा न्हाय त्यो. माफी मी मागतो."

"पण तुमची काही चूक नाही."

"नसंना. माझं काय जातंय?"

मग त्यांनी मला एक ग्लास घ्यायला लावला. पैसे देऊ दिले नाहीत, त्या दिवशी त्यांची पाळी होती. दूध कोमट होतं आणि फेस माझ्या नाकाला लागला. मी घरी करत होते त्याला फेस म्हणणं बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते आमच्या दारात हजर. जिन्यातूनच सुरुवात झाली होती, त्यामुळे दोन्ही मजल्यांनी ऐकलं. "चुकलं माझं लेका. बँकेवरनं बोलायला नगो हुतं. तुझ्या सह्यांवर निम्म्या गावाची घरं उभी हाईत." आजोबा क्षणभर गोंधळले, मग खुर्चीत सरळ बसले आणि एखाद्याचं कर्ज मंजूर करावं तशा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "जाऊ दे. माझ्या मनात काही नाही." मी चहा ठेवायला आत गेले, कारण बाहेर थांबणं शक्य नव्हतं. बाहेर आले तर दोघे स्कूटरवरून निघूनही गेले होते.

रात्री आजोबा प्रसन्न होते. जेवताना म्हणाले, "उद्या माझी पाळी आहे. म्हणजे खर्च. मला परवानगी लेखी दे."

मी कागद काढला, उजव्या बाजूची ती ओळ खोडली, डावीकडे लिहिली आणि खाली सही केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"काल तू कट्ट्यावर जाऊन माझ्या दोस्ताशी बोललीस, दूधही प्यालीस म्हणे," ते म्हणाले. "इस्त्रीवाला आज सांगत होता."

मी त्यांना आणखी भात वाढला.

"मला माहीत आहे हे दोस्ताला मात्र कळू देऊ नकोस," आजोबा म्हणाले. "माफी त्यानं फार चांगली मागितली."