उशीचं कुबड

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. लाज वाटते.

लीड्समधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत मी राजा झालो होतो. राजा इथलाच, मध्ययुगातला, पुतण्यांना किल्ल्यात ठेवून स्वतः गादीवर बसलेला. पुतणे पुढे कुणालाच दिसले नाहीत. त्यानेच मारले की काय, यावर इथले लोक अजून भांडतात. आम्हाला एवढ्या खोलात शिरायचं नव्हतं. पोरं "काका, मला वाचवा" ओरडली की हॉल हसणार, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

राजा कुबडा होता असं सगळे म्हणतात, म्हणून मी पाठीला उशी बांधून लंगडत यायचो. तालमीत सगळे पोट धरून हसायचे. मी चांगलाच शेफारलो होतो.

प्रॉम्प्टिंगला माझ्या मित्राची चौदा वर्षांची मुलगी होती. संवाद रोमन लिपीत उतरवलेली वही घेऊन ती विंगेत उभी राहायची. एका शनिवारी बाकीचे चहाला गेले, तेव्हा ती म्हणाली, "काका, त्याला कुबड नव्हता. त्याचे बोन्स सापडले ना, त्यात स्पाइन साइडला कर्व्ह आहे. सेम माझ्यासारखा. मी कपड्यांच्या आतून पाठीला ब्रेस घालते. कोणाला सांगू नका हं. पण उशी नका ना लावू, प्लीज."

"नाही लावणार," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या आधीचं नाटुकलं सपशेल पडलं. कुणी हसेना. माझी पाचावर धारण बसली. उशी तिथेच खुर्चीवर पडली होती. ती मी बांधली.

स्टेजवर पाऊल टाकलं आणि हॉल दणाणला. समोरच्या विंगेत ती नव्या कुर्त्यात उभी होती. तिने माझ्या पाठीकडे पाहिलं. दिव्यांनी नुसतं उकडत होतं, तरी तिने कोट घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. ते बघून मी पुढचं वाक्य साफ विसरलो.

सगळे वाट बघत होते. तिने वहीत पाहिलं आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितलं, "माझी पाठ वाकडी, पण नजर सरळ गादीवर."

मी ते म्हटलं. कंबरेत आणखी थोडा वाकून म्हटलं. हॉल पुन्हा हसला.