नकाशावरचं आमच्या वस्तीचं नाव

मला आमच्या वस्तीच्या नावाची लाज वाटायची. ऐंशी ओलांडली, अजून वाटते.

अक्का आज सकाळी गेली. माझी थोरली बहीण.

तिच्याबद्दल सांगायचं तर त्या नावापासूनच सुरू करावं लागतं. मी सांगतेय, नात टाइप करतेय.

आमचं गाव वालूरजवळ. गावाबाहेर आमची वस्ती. तिचं नाव म्हणजे आमची जात आणि तिला जोडलेला 'वाडा'.
ते नाव इथं लिहीत नाही. कळणाऱ्यांना कळलं.

हैदराबाद संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती. मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. पण गावोगावचे नक्शे अजून उर्दूतच.
ते सगळे नकाशे मराठीत नव्यानं काढायचं ठरलं.

पण काढायचे कसे? विहिरीला खूण कोणती, गाडीवाटेची रेघ किती जाड, नावं कुणाला विचारून लिहायची, याचे नियम आधी ठरवायचे होते. नात म्हणते, याला आता स्पेसिफिकेशन म्हणतात.

त्या नियमांचा कच्चा ड्राफ्ट घेऊन एक मोजणीसाहेब आमच्या गावात आले. आधी थोड्या गावांत करून बघायचं, मग फायनल.

मोजणीच्या दगडांना चुना लावायला त्यांनी अक्काला रोजानं ठेवलं. मी सातवीत होते. सुट्टीला तिच्यासोबत जायचे.

साहेब माणूस चांगला. अक्काला 'बाई' म्हणायचे. तोवर आमच्यातल्या कुणाला कुठल्या साहेबानं बाई म्हटलं नव्हतं.

एका दुपारी लिंबाखाली टेबल मांडून ते नकाशावर शाईनं नावं लिहीत होते. अक्का मला म्हणाली, "आपली वस्ती कुठाय त्याच्यात? वाच बरं."

मी वाकून पाहिलं. नाव दिसलं. मी नुसतं त्याच्यावर बोट ठेवलं.

शेजारी गावातली माणसं उभी होती, ती हसायला लागली. एकजण म्हणाला, "वाच की पोरी. शाळंत जायलीस न्हवं?"

मी वाचलं. मान मात्र वर करता आली नाही.

अक्कानं चुन्याची बादली खाली ठेवली.
"साहेब, हे नाव कुणी सांगितलं?"
"पाटलांनी. तसा नियमच आहे, बाई. गावच्या पाटलाला विचारून नाव लिहायचं."
"तिथं ऱ्हातो आमी. आन इचारायचं पाटलाला?"

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग टाक बाजूला ठेवला.
"बरं, तुम्ही सांगा. काय लिहू?"



आमच्याकडं दुसरं नावच नव्हतं. लोकांनी जे ठेवलं, तेच आम्हीही म्हणत आलो होतो.

सगळे तिच्याकडं बघत होते. तिनं बादली उचलली आणि चालू लागली.
घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "भांडायला गेले, आन जवळ नावच न्हाई."

मग वस्तीची बैठक बसली. लय वाद झाले. कुणाला देवाचं नाव पाहिजे, कुणाला आजोबाचं. शेवटी ठरलं, उगवती. आमची वस्ती गावाच्या उगवतीला, म्हणून.

तोवर साहेब नकाशा घेऊन परभणीला गेले होते.

दादा म्हणजे आमचे वडील, अक्का आणि मी सेलूहून रेल्वेनं परभणीला गेलो. ऑफिसात मोठे साहेब बसले होते. दादांनी हात जोडून सगळं सांगितलं.

मोठे साहेब म्हणाले, "पाटी बदलली म्हणून आतला माल बदलतो का रे?"
क्लार्क हसले.
आमचे मोजणीसाहेब तिथंच उभे होते. खाली बघत राहिले. 

परतीच्या गाडीत दादांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर घेतला. सेलू येईपर्यंत परत बांधला नाही.

काही महिन्यांनी मोजणीसाहेब एकटेच वस्तीवर आले. दारात उभे राहूनच बोलले.
"बाई, तो नियम मी बदलून घेतला. वस्तीचं नाव आता वस्तीतल्या लोकांना विचारूनच लिहायचं. पण तुमच्या गावाचा नकाशा आधीच छापून झाला होता. तो काही मला बदलून घेता आला नाही."

अक्कानं विचारलं, "बाकीच्या गावांला लागू हाय ना?"
"आहे."
जरा थांबून ते म्हणाले, "त्या दिवशी ऑफिसात मी गप्प बसलो. तुमच्यापुढं यायची लाज वाटत होती."
"तुमाला त्या दिवशी वाटली, साहेब. आमाला रोज वाटती. बसा, च्या टाकते."

ते बसले. मी कपाकडं बघत होते. त्यांनी सगळा चहा प्याला.

पुढं अक्काचं लग्न चारठाण्याकडं झालं. वर्षभरात तिथंही मोजणी आली. साहेब दुसरे, नियम नवा. ते पाटलाकडं न जाता थेट वस्तीत आले आणि म्हणाले, "तुमच्या वस्तीचं नाव सांगा."

अक्कानं बायका गोळा करून नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. तिथल्या लोकांनी स्वतः खणलेली विहीर होती. विहिरीची वस्ती.
नकाशावर तसंच लिहिलं गेलं.

नियम कुणामुळं बदलला, हे तिनं सासरी कधीच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, का गं?

म्हणाली, "ते सांगायचं तर आदी आपल्या वस्तीचं नाव सांगावं लागल."

मला वाटायचं, साहेबापुढं बोलून अक्का मोकळी झाली, ही लाज आता फक्त मलाच उरलीय. त्या दिवशी कळलं, साहेबाला जाब विचारणारी माझी अक्काही ती लाज आयुष्यभर घेऊनच जगली.

आज दुपारी तिला न्यायचंय. येणाऱ्यांनी चारठाण्याच्या पुढं आलं की विहिरीची वस्ती विचारावी. कुणीही रस्ता दाखवेल.

अक्का, तुझ्या धाकटीचा तुला शेवटचा नमस्कार.